दाजीचं इन्सुलिन

दुर्गापुऱ्यातल्या त्या कॉलनीत कुणाचा गॅस ऐन पाहुण्यांच्या तोंडावर संपला, कुणाच्या मुलीचा दाखवायचा कार्यक्रम अचानक ठरला, कुणाचे सासरे पहाटे गेले, की पहिली हाक दुसऱ्या मजल्यावर जायची. "भाभीजी!" आणि मधुमतीबाई घैसास पदर खोचून जिना उतरायच्या. बँकेतल्या नवऱ्याच्या बदल्यांपायी त्यांनी इतक्या गावांत संसार मांडला आणि मोडला होता, की कुठल्याही घरात शिरल्यावर चहाची पातेली कुठे असेल ते त्यांना न विचारता कळायचं. शेवटची बदली जयपूरची. तेव्हा मिताली शाळेत होती म्हणून थांबले. मग मिताली नोकरीसाठी गुडगावला गेली, श्रीपादराव निवृत्त झाले, तरी थांबलेलेच. वाईला परत जायचं हे दर दिवाळीत ठरायचं आणि भाऊबीज उलटली की बारगळायचं.

श्रीपादराव अगदी उलट. माणूस सज्जन, पण घरातला दिवा गेला तर 'दिवा गेला' एवढं सांगून स्वस्थ बसणारा. त्यांचा सगळा हट्ट एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे वाईचे रीतिरिवाज. जे त्यांच्या चुलतभावांनी वाईत राहून कधीच सोडून दिलं होतं, ते त्यांनी जयपुरात घट्ट धरून ठेवलं होतं. गुडघे कुरकुरत असले तरी जेवायला पाटावरच बसायचं. पानाभोवती पाणी फिरवायचं. मग उजव्या हाताला, जमिनीवर, तूप घातलेल्या भाताच्या चित्राहुती मांडायच्या, म्हणजे देवांच्या नावाने काढलेले भाताचे छोटे घास. त्या ओळीने मांडून, तोंडातल्या तोंडात मंत्र पुटपुटून, मगच स्वतः पहिला घास घ्यायचा.

आणि त्या चित्राहुती खायचा दाजी.

दाजी म्हणजे बोका. पिल्लू असताना एका दुपारी जिना चढून वर आला, कुणी या म्हटलेलं नसताना सरळ श्रीपादरावांच्या पानाच्या उजव्या बाजूला ऐसपैस बसला आणि भाताकडे असा पाहू लागला, जसं काही त्याच्याचसाठी स्वयंपाक झालाय. "हे कोण दाजी आलेत जेवायला?" मधुमतीबाई म्हणाल्या, आणि नाव चिकटलं. बहिणीच्या नवऱ्याचा असतो तसा त्याचा थाट होताच. मंत्र संपेपर्यंत तो थांबायचा. श्रीपादरावांनी हात मागे घेतला की एकेक घास चाटूनपुसून साफ. श्रीपादरावांना याचं मोठं समाधान वाटायचं. वाईला त्या घासांना मुंग्या लागायच्या, इथे निदान नैवेद्य रुजू होत होता.

पुढच्या वर्षांत दाजी चांगला गुबगुबीत झाला. मधुमतीबाईंच्या पायाशी झोपणं, कूलरच्या स्टँडवर चढून वारा खाणं आणि दुधातली पोळी हा त्याचा दिनक्रम होता. म्हणून त्या मे महिन्यात तो जास्त पाणी पिऊ लागला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मे महिन्यात जयपुरात सगळेच पाणी पितात. गच्चीत पक्ष्यांसाठी टांगलेलं पाण्याचं मातीचं भांडं, ज्याला इथले लोक परिंडा म्हणतात, तेसुद्धा तो मान उंच करून रिकामं करायचा. "चिमण्यांचं पितोस? लाज नाही वाटत?" असं म्हणून मधुमतीबाई ते पुन्हा भरायच्या. त्याच्या रेतीच्या ट्रेमध्ये रोज चिखल होऊ लागला, तोही त्यांनी उन्हाच्या खात्यावर टाकला. पाठीचं हाड हाताला लागायला लागलं तेव्हा मात्र त्या चरकल्या. आणि एका सकाळी दाजीने कूलरच्या स्टँडवर उडी मारली, ती पोचली नाही, तो धपकन खाली पडला आणि लाजल्यासारखा दुसरीकडे बघत बसला. त्याच दिवशी त्यांनी टोपलीत घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉ. शेखावत मितालीच्या वयाची मुलगी होती. तिने कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढला, मशीनवरचा आकडा पाहिला, मग मोठी तपासणीही केली.

"आंटीजी, इसको शुगर है।"

"शुगर? इंसानों वाली?"

"वही. इन्सुलिन लगेगा। सुबह-शाम. आपको घर पर ही देना होगा।"

डॉक्टरने सगळं नीट समजावलं. आधी खायला द्यायचं, त्याने खाल्लं की मगच सुई द्यायची. दूध, भात, पोळी, साखर, सगळं आजपासून बंद. मांस चालेल, नाहीतर डब्यातलं मांजरांचं खाणं. सुई जास्त झाली तर साखर एकदम उतरते, मग तो लडखडेल, आडवा पडेल, तसं झालं तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायचं आणि लगेच इकडे आणायचं. मग तिने विचारलं, आत्तापर्यंत काय काय खातो? मधुमतीबाईंनी एकही गोष्ट लपवली नाही. दूध, दूधपोळी, रविवारी बोटभर श्रीखंड, मितालीने आणलेला केक. डॉक्टर हसली. मधुमतीबाई नाही हसल्या. आज घरी जाऊन हे सगळं बंद, असं त्यांनी मनात पक्कं केलं आणि मधुमतीबाईंनी बंद केलेली गोष्ट पुन्हा चालू होत नसे.

डब्यातल्या खाण्यावर मासा छापलेला होता. घैसासांच्या घरात मासा पहिल्यांदाच शिरला, तोही छापील. श्रीपादरावांनी चष्मा लावून डबा फिरवून फिरवून पाहिला. "मोरीपाशी उघडत जा," एवढंच म्हणाले. त्यांच्या मानाने ही फारच मोठी सवलत होती.

पहिली सुई मधुमतीबाई विसरणार नाहीत. त्या रात्री त्यांनी मितालीला फोनवर सगळं सांगितलं. दाजी ताटलीत तोंड घालून खात होता. डॉक्टरने दाखवलं होतं तशी त्यांनी मानेमागची कातडी चिमटीत धरली, सुई आत घातली, दट्ट्या दाबला. आणि चिमटीतली बोटं ओली झाली. सुई कातडीच्या एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती. दवाखान्यासारखा एक वास घरभर पसरला. किती आत गेलं? अर्धं? थेंबभर? काहीच नाही? त्यांनी डॉक्टरला फोन लावला. परत अजिबात देऊ नका, डॉक्टर म्हणाली, किती गेलं ते कळत नाही तेव्हा वाट बघायची. आता वाट बघणं हा मधुमतीबाईंचा प्रांतच नव्हे. त्या दिवसभर दाजीच्या मागे मागे फिरल्या. तो झोपला की वाटायचं जास्त गेलं, तो पाणी प्यायला की वाटायचं काहीच गेलं नाही.

"आई, तू टेन्शन नको घेऊ ना," मिताली म्हणाली. "मतलब, हळूहळू होऊन जाईल. मी मशीन पाठवते घरी शुगर बघायचं."

मशीन आलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. दाजीच्या कानातून घरी कधी रक्ताचा थेंब निघालाच नाही, मधुमतीबाईंच्या मनगटातून मात्र निघाला. साखर मोजायला दवाखान्यातच जायचं ठरलं. सुई द्यायला मात्र त्यांचा हात बसला. बायका शेवया जितक्या बारीक करतात तितक्या बारकाईने त्या ते काम करू लागल्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी, गल्लीत लग्नाची वरात असो की दारात पाहुणे असोत.

फक्त दाजीचं त्यांच्याशी बिनसलं. फ्रिजचं दार वाजलं, की तो उठून दिवाणामागे जायचा. पुढे पुढे तर त्यांच्या हाताकडे नुसतं पाहूनच त्याला कळायचं. ज्या पायांशी तो इतकी वर्षं झोपला, त्या पायांपासून आता तो लांबून, भिंतीला घासून जाऊ लागला. दिवसभर श्रीपादरावांच्या खुर्चीखाली बसायचा. "औषध देणारी मेली वाईट," मधुमतीबाई म्हणायच्या, "आणि पेपर वाचणारे चांगले." म्हणताना हसायच्या, पण त्यांना ते फार लागलं होतं. रात्री पायाशी रिकामी चादर चाचपून त्या कूस बदलायच्या.

आणि एवढं करून साखर काही उतरेना.

पहिल्यांदा दवाखान्यात आकडा पाहिला, तेव्हा डॉक्टर म्हणाली, सुरुवात आहे, थोडा डोस वाढवू. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एका युनिटचे दोन झाले, दोनाचे तीन. दर वेळी डॉक्टर तोच प्रश्न विचारायची. "आंटीजी, और कुछ तो नहीं खाता?"

"कुछ नहीं। एक दाना नहीं," मधुमतीबाई ठासून सांगायच्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. दूध बंद होतं, पोळी बंद होती, श्रीखंडाचं तर नावही घरात कुणी घेत नव्हतं.

दाजी मात्र वाळत चालला. पावसाळा आला तशी त्याच्या मागच्या पायांतली ताकद गेली. पंजांवर चालायचं सोडून तो टाचा टेकवून, म्हाताऱ्या माणसासारखा चालू लागला. हे याच आजाराने होतं, साखर ताब्यात आली तर पाय सुधारतील, असं डॉक्टर म्हणाली. ताब्यात आली तर. मधुमतीबाईंनी मग एकेक संशयित धरायला सुरुवात केली. आधी इन्सुलिनची बाटली. दुपारी वीज गेली होती, फ्रिज गरम झाला असेल. नवी बाटली आणली, थर्मासात बर्फ घालून रिक्षातून मांडीवर धरून. फरक शून्य. मग स्वतःचे हात. त्यांनी डॉक्टरसमोर सुई देऊन दाखवली. डॉक्टर म्हणाली, बिल्कुल सही. मग राहिल्या खालच्या माथुरबाई. दाजी कधी कधी त्यांच्या व्हरांड्यात बसायचा, आणि माथुरबाईंचा हात सढळ. तीजेच्या सणाचा गोड घेवर चारला असणार, दूध ठेवलं असणार. एके दिवशी मधुमतीबाई खाली गेल्या आणि बोलू नये ते बोलून आल्या. "भाभीजी, मैं उसको ज़हर दूँगी क्या?" माथुरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर जिन्यात भेटल्या तरी दोघी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे बघायच्या. फरक तरीही शून्य.

इकडे वर, रोज दोन्ही जेवणांना, पाट मांडला जात होता. पाणी फिरत होतं. उजव्या हाताला चित्राहुती पडत होत्या आणि दाजी टाचांवर चालत येऊन त्या खात होता. हे मधुमतीबाईंच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पण लग्न झाल्यापासून रोज दोनदा पाहिलेली गोष्ट माणूस बघत नाही. पोळी म्हणजे खाणं, दूध म्हणजे खाणं. चित्राहुती म्हणजे देवाचं. ती खाण्यात मोजतात, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं, जसं तीर्थाला कुणी पाणी म्हणत नाही. शिवाय श्रीपादरावांनी गाजावाजा न करता एक केलं होतं. दाजी वाळतोय, उपाशी डोळ्यांनी पानाकडे बघतोय, हे त्यांना बघवत नव्हतं. दाजीला काही घालायचं नाही, हा बायकोचा कायदा त्यांनी कधी मोडला नाही. पण देवाला किती घालावं याला कायदा नव्हता. सुपारीएवढ्या चित्राहुती आता लिंबाएवढ्या झाल्या होत्या. "भात वाढ जरा," असं ते म्हणायचे आणि मधुमतीबाईंना बरंच वाटायचं. घरात एकाचं तरी अन्न अंगी लागतंय.

डोस चार युनिटांवर गेला आणि त्याच आठवड्यात वाईहून फोन आला. श्रीपादरावांचे चुलतभाऊ बापू गेले. लहानपणी दोघं एका विटीदांडूवर वाढलेले. श्रीपादराव खुर्चीत बसून राहिले, मग उठून त्यांनी अंगावर पाणी घेतलं आणि देव्हाऱ्याचं दार लोटून घेतलं. दहा दिवसांचं सुतक. पूजा नाही, नैवेद्य नाही, गोडधोड नाही. आणि त्यांच्या घराच्या रिवाजाप्रमाणे सुतकात चित्राहुतीही नाहीत.

त्या दुपारी ते पानावर बसले, तेव्हा दाजी ठरल्या जागी येऊन बसला होता. श्रीपादरावांनी पाणी फिरवलं नाही. "नाही रे बाबा," ते त्याला म्हणाले, "बापू गेला आपला." दाजीने बराच वेळ वाट पाहिली. मग जमीन हुंगली आणि खुर्चीखाली जाऊन बसला. रात्रीही तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुमतीबाईंना एक गोष्ट दिसली आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाण्याचं भांडं भरलेलं होतं. रेतीच्या ट्रेमध्ये चिखल नव्हता. दाजी पाणी पीत नव्हता! इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. सुतकाचं घर, हसावं कसं, पण त्यांना हसू आवरेना. "अहो, लागू पडलं हो!" त्या म्हणाल्या. "चार युनिटांनी लागू पडलं." त्यांनी मितालीला तसा निरोपही धाडला. दाजी जरा सुस्त होता, ताटलीतलं अर्धं खाऊन बाजूला झाला, पण बरं वाटायला लागलं की माणूससुद्धा आधी झोपून घेतो. त्यांनी सुई भरली, चार युनिटं नीट बघून घेतली आणि दिली. दाजी पळालाही नाही. तेही त्यांना चांगलंच लक्षण वाटलं.

दुपारी स्वयंपाकघरात असताना त्यांनी काही तरी घासल्यासारखा आवाज ऐकला. दाजी मधल्या खोलीत आडवा पडला होता आणि चारही पाय हवेत चालवत होता. डोळे उघडे, पण कशाकडेच बघत नव्हते. तोंडातून फेस येत होता. श्रीपादराव खुर्चीजवळ उभे होते, हातात घडी घातलेला पेपर तसाच.

"साखर!" मधुमतीबाई ओरडल्या. साखरेचं पाणी त्यांनी स्वतःच केलं. बोट भिजवून त्याच्या ओठाखाली घातलं, हिरड्यांना चोळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा चोळलं. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. "दाजी, ए दाजी," त्या म्हणत होत्या. पाय चालतच होते. मग एकदम थांबले, आणि ते थांबणं त्यांना जास्त भयंकर वाटलं. त्यांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि जिना उतरल्या. दारात माथुरबाई उभ्या होत्या. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता गाडीची किल्ली आणायला आत गेल्या.

टोंक रोडवर कुठली तरी मिरवणूक होती. गाडी पुढे सरकेना. माथुरबाई हॉर्न वाजवत होत्या, शिव्या देत होत्या, ज्या शिव्या त्यांना येत असतील असं कॉलनीत कुणालाही वाटलं नसतं. श्रीपादराव त्यांच्या शेजारी पुढे बसले होते, मागच्या सीटवर मधुमतीबाई टॉवेलच्या आत हात घालून दाजीच्या बरगड्यांवर तळवा ठेवून बसल्या होत्या. बरगड्या वर व्हायच्या, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा वर व्हायच्या. एवढी मोठी बाई, कुठल्याही संकटात हात घालणारी, आणि तिच्या हाताला करायला काहीही नव्हतं. नुसतं मोजत बसायचं.

दवाखान्यात डॉक्टरने त्याला आत नेलं आणि सलाइन लावलं. काचेच्या दारातून त्यांना तिची पाठ दिसत होती. कितीतरी वेळाने ती बाहेर आली. "शुगर मशीन पर आ ही नहीं रहा था, इतना कम. ग्लुकोज़ चल रहा है. झटके रुके हैं।" मग तिने कपाळावरचे केस मागे घेतले. "आंटीजी, इतने दिन से नीचे नहीं आ रहा था, अचानक इतना कैसे गिरा? कल-परसों कुछ बदला है क्या घर में?"

"कुछ नहीं," मधुमतीबाई म्हणाल्या. "वही खाना, वही टाइम। कुछ नहीं बदला।"

"चित्राहुती बंद आहेत," श्रीपादराव म्हणाले.

ते बाकावर बसले होते. मराठीत बोलले, आपल्याशीच बोलल्यासारखे. मधुमतीबाई वळल्या. त्यांना आधी कळलंच नाही की हे आत्ता मध्येच काय. आणि मग कळलं.

"क्या बंद है?" डॉक्टरने विचारलं.

श्रीपादरावांनी सांगायचा प्रयत्न केला. खाने से पहले, भगवान के लिए, थोडा चावल, घी डालके. ज़मीन पर रखते हैं. वो खा लेता था. घर में मौत हुई है, तो बंद है. डॉक्टरने विचारलं, थोडा म्हणजे किती? त्यांनी आधी अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट दाखवली. मग ती चिमूट उघडली. मग त्यांनी पूर्ण तळवा पुढे धरला आणि बोटं वाकवून त्याचा पसा केला. "दोनों टाइम," ते म्हणाले, आणि त्यांचा हात तसाच पुढे राहिला.

डॉक्टर रागावली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे मी इतके महिने त्या भातावर डोस वाढवत होते. "आपने बताया नहीं।"

"आपने हर बार पूछा था," मधुमतीबाई म्हणाल्या.

त्यांना नवऱ्याचा इतका संताप आला, की डोळ्यांपुढे दवाखान्याची हिरवी भिंत हलली. त्या माणसाला त्यांनी बाकावरून उठवून गदागदा हलवलं असतं. आणि त्याच क्षणी स्वतःच्या हातातला भाताचा डाव त्यांना दिसला. रोज दोन वेळा. वाढ जरा, म्हटलं की वाढलेला. मऊ, तूप सोडलेला.

"माझ्यामुळे," श्रीपादराव म्हणाले. त्यांची मान खाली होती. "तो माझ्याकडे बघायचा गं. मला वाटलं, देवाचं आहे, देवाच्या अन्नानं काय व्हायचंय."

"भात मी वाढत होते," मधुमतीबाई म्हणाल्या.

माथुरबाईंनी दोघांना पाणी आणून दिलं. मधुमतीबाईंना त्यांची माफी मागायची होती. तोंड उघडलं तेव्हा रडूच आलं, म्हणून त्या पाणी प्यायल्या.

दाजी वाचला. डॉक्टरने दुसऱ्या दिवशी त्याला घरी न्यायची परवानगी दिली, पण देताना ती बराच वेळ चाचरत राहिली. मेंदूला साखर मिळाली नाही की कधी कधी असं होतं, म्हणाली. डोळे ठीक आहेत, पण त्याला दिसत नाहीये. काही मांजरांना परत दिसतं, काहींना नाही. किती दिवसांनी? सांगता येत नाही. त्यावर काही औषध? नाही. मधुमतीबाईंनी विचारलं, आता इन्सुलिन बंद करायचं ना? ते तर बंद करायचं? डॉक्टरने मान हलवली. बंद केलं, तर तो थोड्याच दिवसांत जाईल. एक युनिट द्यायचं, फक्त एक, आणि त्याने खाल्लं तरच. पायांचं आणि डोळ्यांचं पुढे बघू.

घरी टोपली उघडली तेव्हा दाजी बाहेर आला, खुर्चीच्या पायाला धडकला, थांबला, बाजूला होऊन दिवाणाला धडकला. इतकी वर्षं राहिलेलं घर त्याला नाकाने नव्याने शोधावं लागत होतं. श्रीपादरावांनी खुर्ची उचलून बाहेर गॅलरीत ठेवली. मग टीपॉय ठेवलं. मग चपलांचं स्टँड. खोली रिकामी होत गेली, तरी तो कशाला ना कशाला धडकतच राहिला. शेवटी श्रीपादराव दारात उभे राहिले. त्यांना आणखी काय उचलावं ते सुचेना.

संध्याकाळ झाली. मधुमतीबाईंनी डबा उघडला आणि बोटाने दाजीच्या नाकाला थोडं खाणं लावलं. त्याने चाटलं, मग ताटलीत तोंड घातलं आणि खाल्लं. अर्ध्याहून जास्त खाल्लं. म्हणजे आता सुई द्यायला कुठलीच सबब उरली नाही. त्यांनी फ्रिज उघडला, सुई भरली, दिव्याखाली धरून एक युनिट बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग श्रीपादरावांपुढे धरली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "एकच आहे." "मी धरू का त्याला?"

"नको," त्या म्हणाल्या. त्यांनी जमिनीवर मांडी घातली. सुई उजव्या हातात, मांडीमागे लपवलेली. ती लपवायची सवयच झाली होती. एरवी फ्रिजचं दार वाजलं, की तो एव्हाना दिवाणामागे गेलेला असायचा, आणि त्यांना ओणवं होऊन हात घालून त्याला बाहेर ओढावं लागायचं.

दाजीने कान वळवले. बांगड्यांचा आवाज त्याला ओळखीचा होता. तो हळूहळू, टाचा टेकवत, मध्ये एकदा चुकून, पुन्हा दिशा धरून त्यांच्याकडे आला. त्यांच्या गुडघ्याला त्याचं नाक लागलं. तो मांडीवर चढला. किती तरी महिन्यांनी चढला. त्याने डोकं त्यांच्या डाव्या तळहातात खुपसलं आणि घुरघुरू लागला. दुसऱ्या हातात काय आहे, ते त्याला दिसत नव्हतं.

"पळ ना रे," मधुमतीबाई म्हणाल्या. "दाजी, पळ ना."

तो घुरघुरतच राहिला. मधुमतीबाईंनी डाव्या हाताने त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली, आणि त्याने लाडाने मान आणखी त्यांच्या हातात दिली.